हुआन दिएगो

हुआन दिएगो क्वाउतलातोआत्सिन (पारंपरिक जन्मवर्ष १४७४, क्वाउतित्लान; मृत्यू १५४८, तेपेयाक) हे मेक्सिकोतील नावा या मूळ रहिवासी समाजातील एक श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थ होते. डिसेंबर १५३१ मध्ये तेपेयाक टेकडीवर त्यांना येशू ख्रिस्ताची माता मरिया हिचे दर्शन घडले व तिची प्रतिमा त्यांच्या अंगावरील वस्त्रावर उमटली, अशी कॅथलिक परंपरा आहे. ही प्रतिमा ‘ग्वादालुपेची माता’ या नावाने ओळखली जाते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ जुलै २००२ रोजी हुआन दिएगो यांना संत म्हणून घोषित केले. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी हा मान मिळालेले ते पहिले पुरुष होत. त्यांची सलग हकीकत सांगणारे पहिले छापील ग्रंथ मात्र त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल १०० वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांचे परंपरेने सांगितलेले चरित्र आणि ते चरित्र कसे घडत गेले याचा इतिहास, या दोन्ही गोष्टी जाणून घ्याव्या लागतात.

काळ आणि परिस्थिती

१३ ऑगस्ट १५२१ रोजी हेर्नान कोर्तेस याच्या स्पॅनिश सैन्याने व त्याच्या स्थानिक मित्रांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. त्याच्या आदल्याच वर्षी स्पॅनिशांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने तेथील असंख्य माणसे दगावली होती. १५२४ मध्ये फ्रान्सिस्कन पंथाचे १२ धर्मोपदेशक मेक्सिकोत पोहोचले आणि बाप्तिस्म्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. १५२८ मध्ये त्याच पंथाचे हुआन दे सुमार्रागा हे मेक्सिकोचे नियोजित बिशप म्हणून आले. मूळ रहिवाशांचे संरक्षक ही पदवीही राजाने त्यांना दिली होती. नून्यो दे गुस्मान याच्या जुलमी कारभाराविरुद्ध त्यांनी १५२९ मध्ये राजाला गुप्तपणे पत्र पाठवले, यावरून ती पदवी त्यांनी नुसती मिरवली नाही हे दिसते. परंतु याच सुमार्रागांनी जून १५३१ मधील एका पत्रात ५०० हून अधिक देवळे व २०,००० हून अधिक मूर्ती नष्ट केल्याचे समाधानाने नोंदवले आहे. ज्यांची देवळे पाडली गेली आणि ज्यांना नवा धर्म दिला गेला, त्या लोकांपैकी एक हुआन दिएगो होते. दर्शनाची कथा याच वर्षाच्या डिसेंबरात घडते.

पूर्वायुष्य

परंपरेनुसार हुआन दिएगो यांचा जन्म आजच्या मेक्सिको शहराच्या उत्तरेस असलेल्या क्वाउतित्लान या गावी झाला. त्यांचे मूळ नाव क्वाउतलातोआत्सिन. त्याचा अर्थ गरुडासारखा बोलणारा असा लावला जातो. ते साध्या, कष्टकरी वर्गातील होते. पन्नाशीच्या आसपास त्यांनी व त्यांच्या पत्नीने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची नावे हुआन दिएगो व मरिया लुसिया अशी ठेवण्यात आली. १५२९ मध्ये मरिया लुसिया यांचे निधन झाले. तुल्पेत्लाक येथे राहणारे त्यांचे चुलते हुआन बेर्नार्दिनो हे त्यांचे जवळचे आप्त होते. चुलत्यांचे या कथेतील स्थान महत्त्वाचे आहे, कारण कथेला कलाटणी मिळते ती त्यांच्या आजारपणाने.

तेपेयाकची कथा

पुढील कथा ‘निकान मोपोवा’ या नाहुआत्ल भाषेतील वृत्तांतावर आधारलेली आहे. शनिवार, ९ डिसेंबर १५३१ रोजी पहाटे हुआन दिएगो धर्मशिक्षणासाठी त्लातेलोल्को येथे निघाले होते. वाटेत तेपेयाक टेकडीपाशी त्यांना अनेक पक्ष्यांचे मधुर गाणे ऐकू आले. ते थांबताच टेकडीवरून कोणीतरी त्यांना नावाने हाक मारली. वर जाऊन पाहतात तो एक तेजस्वी स्त्री उभी होती. आपण देवाची माता मरिया असल्याचे तिने नाहुआत्ल भाषेत सांगितले. येथे आपले मंदिर बांधले जावे, त्यात आपण या लोकांची गाऱ्हाणी ऐकू, असा निरोप तिने बिशपांकडे नेण्यास सांगितले.

बिशपांच्या वाड्यात त्यांना बराच वेळ ताटकळावे लागले. बिशपांनी ऐकून घेतले, पण पुन्हा केव्हातरी सवडीने ये असे सांगून त्यांना परत पाठवले. संध्याकाळी ते टेकडीवर परतले आणि हे काम एखाद्या प्रतिष्ठित, मान्यवर माणसाकडे सोपवावे, आपल्यासारख्या ओझी वाहणाऱ्या माणसाच्या शब्दाला कोण किंमत देणार, अशी त्यांनी विनवणी केली. मरियेने ती मानली नाही. दूत पुष्कळ असले तरी हे काम त्यांच्याच हातून व्हायचे आहे, असे तिने बजावले. रविवारी ते पुन्हा बिशपांकडे गेले. या वेळी बिशपांनी खोदून खोदून प्रश्न विचारले व खूण मागितली. एवढेच नव्हे, तर त्यांच्यामागे पाळतीसाठी माणसेही पाठवली. वाटेत हुआन दिएगो त्यांना दिसेनासे झाले. तेव्हा हा भोंदू आहे, पुन्हा आला तर त्याला शिक्षा करावी, असे त्या माणसांनी परत येऊन बिशपांना सांगितले.

सोमवारी मरिया खूण देणार होती. परंतु घरी चुलते साथीच्या रोगाने अंथरुणाला खिळले होते. हुआन दिएगो टेकडीकडे गेलेच नाहीत. मंगळवार, १२ डिसेंबर रोजी पहाटे ते चुलत्यांच्या अंतकाळासाठी धर्मगुरूंना बोलावण्यास निघाले आणि मरियेची गाठ पडून उशीर होऊ नये म्हणून टेकडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. संतचरित्रांत क्वचितच आढळणारा असा हा प्रसंग आहे. येथे भक्तच देवतेला चुकवून आपल्या माणसाच्या सेवेला धावतो. मरिया टेकडी उतरून त्यांच्या वाटेत आली. त्यांनी ओशाळून खरे कारण सांगितले. तिने रागे न भरता त्यांना धीर दिला, चुलते बरे झाले आहेत असे सांगितले आणि टेकडीच्या माथ्यावरची फुले खुडून आणण्यास पाठवले. डिसेंबरच्या गोठवणाऱ्या थंडीत, खडकाळ व काटेरी माळावर तेथे स्पेनमधल्या जातीची ताजी फुले उमललेली होती. परंपरा त्यांना गुलाब मानते. ती त्यांनी आपल्या तिल्म्यात गोळा केली. तिल्मा म्हणजे खांद्यावर गाठ मारून पांघरायचे जाडेभरडे उपरणे. आपल्याकडे शेताच्या बांधावर लावतात त्या घायपाताच्याच कुळातील वनस्पतीच्या धाग्यापासून ते विणले जाई. बिशपांसमोर त्यांनी उपरणे उलगडले, फुले जमिनीवर सांडली आणि त्या वस्त्रावर मरियेची प्रतिमा उमटलेली दिसली. बिशपांनी गुडघे टेकले. घरी परतल्यावर हुआन दिएगो यांना चुलते बरे झालेले आढळले. त्यांनाही मरियेने दर्शन दिले होते व आपल्या प्रतिमेला ग्वादालुपे हे नाव सांगितले होते.

कथेतील संबोधने भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावीत. नाहुआत्लमध्ये नावाला लागणारा ‘त्सिन’ हा प्रत्यय आदर आणि माया दोन्ही दाखवतो. मरिया हुआन दिएगो यांना हाच प्रत्यय लावून हाक मारते. वयाने वडील असलेले हुआन दिएगो तिला आपली सर्वांत धाकटी लेक म्हणून संबोधतात. आपल्याकडे लहान मुलीला कौतुकाने ‘माउली’ किंवा ‘बाई’ म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही ढब आहे. स्पॅनिश धर्मगुरूंनी रचलेल्या प्रवचनांत ती सहसा सापडत नाही. कथा प्रथम कोणीही लिहिलेली असो, तिला नाहुआत्ल बोलीचा पूर्ण सराव होता, हे यावरून स्पष्ट होते.

उत्तरायुष्य

परंपरेनुसार घर व जमीन चुलत्यांच्या स्वाधीन करून हुआन दिएगो तेपेयाकच्या छोट्या प्रार्थनामंदिराशेजारी एका झोपडीत राहू लागले. मंदिर झाडणे, येणाऱ्या भाविकांना हकीकत सांगणे आणि प्रार्थना करणे हा त्यांचा नित्यक्रम होता. हुआन बेर्नार्दिनो १५४४ मध्ये साथीत मरण पावले. हुआन दिएगो यांचे निधन १५४८ मध्ये झाले. बिशप सुमार्रागा यांचेही निधन याच वर्षी झाले.

कथेची साधने

हुआन दिएगो यांच्याविषयीच्या वादाचे मूळ कागदपत्रांच्या अभावात आहे. सुमार्रागांच्या उपलब्ध लिखाणात दर्शनाचा किंवा हुआन दिएगो यांचा उल्लेख नाही. तेपेयाकच्या प्रतिमेविषयी पहिली ठळक नोंद १५५६ ची असून ती भांडणातून निघालेली आहे. आर्चबिशप आलोन्सो दे मोंतूफार यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये या भक्तीचा पुरस्कार करणारे प्रवचन दिले. दोनच दिवसांनी फ्रान्सिस्कन पंथाचे प्रमुख फ्रान्सिस्को दे बुस्तामान्ते यांनी तिच्यावर जाहीर टीका केली. ही प्रतिमा मार्कोस नावाच्या स्थानिक चित्रकाराने रंगवलेली आहे, तिला चमत्कार करणारी म्हणून पुजणे म्हणजे नव्या ख्रिस्ती लोकांना पुन्हा मूर्तिपूजेकडे ढकलणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकरणाची चौकशी झाली व साक्षी नोंदवल्या गेल्या. त्या साक्षींत हुआन दिएगो यांचे नाव एकदाही येत नाही. १५७५ मध्ये व्हाइसरॉय मार्तीन एन्रीकेस यांनी राजाला लिहिलेल्या पत्रानुसार, गुरे पाळणाऱ्या एका माणसाला तेथे आरोग्य लाभल्याचे सांगितल्यापासून सुमारे १५५५-५६ च्या सुमारास भक्ती वाढली आणि प्रतिमा स्पेनमधील ग्वादालुपेसारखी दिसते म्हणून तिला ते नाव पडले. काही नाहुआत्ल इतिवृत्तांतही तेपेयाकच्या दर्शनाची नोंद १५३१ ऐवजी १५५५-५६ या वर्षांखाली आहे.

सलग कथा प्रथम छापली ती मिगेल सान्चेस या धर्मगुरूंनी १६४८ मध्ये, स्पॅनिशमध्ये. पुढच्याच वर्षी तेपेयाक मंदिराचे धर्मगुरू लुइस लासो दे ला वेगा यांनी ‘वेई त्लामाविसोल्तिका’ हा नाहुआत्ल ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘निकान मोपोवा’ हा त्याचाच भाग आहे. हा भाग मूळचा आन्तोनियो वालेरियानो (मृत्यू १६०५) यांचा असल्याचे परंपरा मानते. वालेरियानो हे नावा समाजातील लॅटिनचे पंडित, त्लातेलोल्को येथील विद्यालयाचे विद्यार्थी आणि पुढे मेक्सिको शहरातील मूळ रहिवाशांचे राज्यपाल होते. हे कर्तृत्व मान्य केले तर कथा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. अमान्य केले तर ती सतराव्या शतकात रचली गेली असे म्हणावे लागते. अभ्यासकांत यावर एकमत नाही.

१६६६ मध्ये चर्चने क्वाउतित्लान येथील वृद्धांच्या साक्षी घेतल्या. आपल्या वाडवडिलांनी हुआन दिएगो यांना पाहिले होते, त्यांच्या घराची जागा आपल्याला ठाऊक आहे, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. घटनेनंतर १३५ वर्षांनी घेतलेल्या या साक्षींना किती महत्त्व द्यावे हा प्रश्न उरतोच. पण ज्या समाजाचा इतिहास प्रामुख्याने तोंडी चालत आला, त्याच्याकडे दुसरे साधन तरी कोणते असणार, हेही ध्यानात घेतले पाहिजे. महिपतींनी आपल्या संतांची चरित्रे ‘भक्तविजय’ (१७६२) मध्ये लिहिली, तीदेखील त्यांतील अनेक संतांनंतर काही शतकांनी आणि मुख्यतः परंपरेच्या आधारे. त्यामुळे नामदेव किंवा चोखोबा काल्पनिक ठरत नाहीत. मात्र त्यांचे अभंग आपल्यापुढे आहेत. हुआन दिएगो यांच्या हातचे काहीही उपलब्ध नाही.

तोनान्त्सिन आणि ग्वादालुपे

कथेचा उगम शोधताना दोन प्रवाह दिसतात. पहिला स्थानिक आहे. साहागून या फ्रान्सिस्कन लेखकाने १५७० च्या दशकात नोंदवले आहे की तेपेयाक येथे पूर्वी देवांच्या मातेचे मंदिर होते, तिला तोनान्त्सिन म्हणजे आमची माता म्हणत आणि लोक लांबून तेथे यात्रेला येत. आता हेच लोक मरियेलाही तोनान्त्सिन म्हणतात आणि गावोगावची मरियेची मंदिरे सोडून येथेच येतात, याचा साहागून यांना संशय येत होता. दुसरा प्रवाह स्पॅनिश आहे. कोर्तेसच्या एस्त्रेमादुरा प्रांतातच ग्वादालुपे हे मरियेचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. तेथील दंतकथेनुसार मरियेने एका गुराख्याला दर्शन देऊन पुरलेल्या मूर्तीची जागा दाखवली. गरीब माणसाला दर्शन, धर्माधिकाऱ्यांचा अविश्वास, खूण आणि शेवटी मंदिर, हा सांगाडा स्पेनमध्ये अनेक क्षेत्रांच्या कथांत आढळतो. तेपेयाकच्या कथेचा सांगाडा स्पॅनिश आहे. परंतु येथे मरिया मूळ रहिवाशाच्या भाषेत बोलते आणि त्यालाच बिशपांकडे पाठवते. प्रतिमेतही दोन्ही प्रवाह मिळालेले दिसतात. सूर्यकिरणांनी वेढलेली, चंद्रकोरीवर उभी असलेली स्त्री बायबलच्या अखेरच्या ग्रंथातील वर्णनाशी जुळते. तिचा सावळा वर्ण व ताऱ्यांनी भरलेले निळसर हिरवे पांघरूण स्थानिकांना जवळचे वाटले.

महाराष्ट्रातील तुलना

असे प्रवाह आपल्याकडेही एकत्र आलेले आहेत. वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेला कोळी लोक मोत माउली म्हणतात. अठराव्या शतकात एका कोळ्याच्या स्वप्नात येऊन मरियेने आपली मूर्ती समुद्रात सापडेल असे सांगितले, अशी कथा आहे. सप्टेंबरमधील तिच्या जत्रेला ख्रिस्ती भाविकांइतकेच हिंदू भाविकही जातात. चर्चच्या बाहेरचे उदाहरण १९२२ च्या देवी चळवळीचे आहे. पालघर किनाऱ्यावरील मच्छीमारांत देवीच्या साथीच्या काळात सुरू झालेला अंगात येण्याचा प्रकार डांग व दक्षिण गुजरातेतील आदिवासींत, तसेच खानदेशच्या सीमाभागातही पसरला. सलाबाई नावाची देवी अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगत असे. साथीचा रोग, बाहेरून आलेली सत्ता आणि गरिबाच्या मुखातून बोलणारी माता या गोष्टी तेपेयाकशी जुळतात. फरक एवढाच, की सलाबाईला प्रतिमा मिळाली नाही, मंदिर मिळाले नाही आणि एक हुआन दिएगोही मिळाला नाही. काही वर्षांत ती लाट ओसरली.

भक्तीचा विस्तार

१७३६-३७ च्या भीषण साथीत मेक्सिको शहराने ग्वादालुपेच्या मातेला आपली संरक्षक मानले. १७५४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यास मान्यता दिली व १२ डिसेंबर हा सणाचा दिवस ठरला. १८१० मध्ये मिगेल इदाल्गो यांनी स्वातंत्र्यलढा पुकारला तेव्हा त्यांच्या सैन्याच्या हाती तिचेच निशाण होते. पुढे एमिलियानो सापाता यांच्या शेतकरी सैनिकांनीही तिची चित्रे वागवली. १४ नोव्हेंबर १९२१ रोजी फुलांत लपवलेला बॉम्ब प्रतिमेसमोर फुटला, पण प्रतिमा सुरक्षित राहिली. या सर्व काळात हुआन दिएगो मात्र कथेतील दूत म्हणूनच राहिले; त्यांची स्वतंत्र भक्ती फारशी रुजली नव्हती.

संतपद आणि वाद

शंका घेणारे केवळ चर्चचे विरोधक नव्हते. १८८३ मध्ये मेक्सिकोचे नामवंत इतिहासकार व निष्ठावंत कॅथलिक होआकीन गार्सिया इकास्बाल्सेता यांनी आर्चबिशपांच्या विनंतीवरून गोपनीय पत्र लिहिले व कागदपत्रांतून कथा सिद्ध होत नाही असे कळवले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९६ मध्ये छापले गेले. ६ मे १९९० रोजी पोपनी हुआन दिएगो यांना ‘धन्य’ घोषित केले. १९९६ मध्ये खुद्द ग्वादालुपे बॅसिलिकाचे मठाधिपती गियेर्मो शुलेन्बुर्ग यांनी हुआन दिएगो हे प्रतीक आहे, वास्तव नव्हे, असे मत व्यक्त केल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावरून गदारोळ उठला आणि त्यांना पद सोडावे लागले. स्टॅफर्ड पूल या कॅथलिक धर्मगुरू इतिहासकारांनीही कथेची ऐतिहासिकता नाकारली होती. दुसऱ्या बाजूने १९९५ मध्ये हरणाच्या कातड्यावरील एक चित्रलेख पुढे आला. त्यावर १५४८ हे वर्ष, दर्शनाचे चित्र आणि हुआन दिएगो यांच्या मृत्यूची नोंद आहे. समर्थकांनी तो निर्णायक पुरावा मानला; इतका सोयीचा पुरावा नेमका याच वेळी सापडावा, याचे इतरांना आश्चर्य वाटले. व्हॅटिकनने १९९८ मध्ये इतिहासकारांचे मंडळ नेमले. त्याचा निष्कर्ष हुआन दिएगो यांच्या अस्तित्वाला अनुकूल होता. त्यानंतर मेक्सिको शहरात संतपदाची घोषणा झाली.

त्या प्रसंगी प्रसृत झालेल्या अधिकृत चित्रावरूनही नाराजी उमटली. त्यातील हुआन दिएगो गोरे, दाढीधारी व स्पॅनिश चेहऱ्याचे होते. मूळ रहिवाशांच्या पहिल्या संताला मूळ रहिवाशाचा चेहराही मिळू नये, अशी टीका झाली. अस्तित्वाच्या वादात कोणत्याही बाजूने असलेल्या वाचकाला ही टीका रास्त वाटेल.

स्मृती

हुआन दिएगो यांचा स्मृतिदिन ९ डिसेंबर रोजी पाळला जातो. प्रतिमा असलेले वस्त्र तेपेयाकच्या पायथ्याशी १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या बॅसिलिकात काचेआड ठेवलेले आहे. पेद्रो रामीरेस वास्केस हे तिच्या वास्तुरचनाकारांपैकी प्रमुख. गर्दी साचू नये म्हणून प्रतिमेखाली सरकते पट्टे बसवले असून भाविक त्यांवर उभे राहून दर्शन घेत पुढे सरकतात. १२ डिसेंबरला मेक्सिकोभर आईबाप आपल्या लहान मुलांना पांढरे कपडे व खांद्यावर तिल्मा घालून, ओठांवर काजळासारख्या रंगाने मिशी काढून हुआन दिएगो म्हणून सजवतात आणि मंदिरात घेऊन जातात.